घायपाताचे अंग

स्वित्झर्लंडमधल्या लोझान शहरात १९६२ साली टॅपेस्ट्रीचे पहिले आंतरराष्ट्रीय द्वैवार्षिक प्रदर्शन भरले. युरोपातली जुनी रीत ठरलेली होती : चित्रकाराने चित्र काढून द्यायचे, विणकरांनी ते लोकरीत बरहुकूम उतरवायचे आणि तयार पट भिंतीवर चढवायचा. वॉर्साहून आलेल्या मग्दालेना आबाकानोविचने ही वाटणीच मोडली. कुणाच्या चित्राबरहुकूम न विणता तिने स्वतः मागावर बसून, जाडेभरडे सूत आणि दोर वापरून खरखरीत पांढऱ्या आकारांचा भलामोठा पट विणला होता. पाहणाऱ्याला हात लावावासा वाटेल असे ते कापड होते.

मागाकडे ती वळली, त्यात तेव्हाच्या पोलंडचाही वाटा होता. वॉर्साच्या कला अकादमीतून १९५४ मध्ये शिकून बाहेर पडलेल्या आबाकानोविचचे पहिले एकल प्रदर्शन १९६० मध्ये उघडण्याआधीच बंद करण्यात आले. समाजवादी राजवटीला असली अमूर्त कला रुचत नव्हती. विणकाम मात्र ‘उपयोजित कला’ म्हणून गणले जाई आणि तिथे मोकळीक जास्त होती. मारिया वाश्केविच या ज्येष्ठ विणकर बाईंच्या तळघरातला माग तिला मिळाला.

दोराची खरेदी करायला पैसे नव्हते. बंदरांवर टाकून दिलेले जुने दोर तिने गोळा केले, उकलले, धुतले, रंगवले. त्यात बराचसा सिसल होता. म्हणजे आपल्याकडे शेताच्या बांधावर दिसणाऱ्या घायपाताच्या जातीचा वाख. हा धागा राठ असतो, पण वजन पेलतो. त्यातूनच कापड भिंत सोडून बाहेर आले. छताला टांगलेले, घड्या पडलेले, पोकळ, माणसाहून कितीतरी उंच असे हे आकार. शिल्प म्हणावे की पट, हे कुणाला ठरवता येईना. तेव्हा तिच्याच आडनावावरून त्यांना ‘आबाकान’ म्हणू लागले. १९६५ मध्ये साओ पाउलोच्या द्वैवार्षिकात तिला सुवर्णपदक मिळाले.

१९६९ चा ‘लाल आबाकान’ आज लंडनच्या टेट संग्रहात आहे. सुमारे चार मीटर उंचीचा हा लालभडक आकार मधोमध उभा चिरलेला आहे. अनेकांना त्यात योनी दिसली, इतर आबाकानांच्या अंधाऱ्या पोकळीत गर्भाशय दिसले. स्त्रीवादी समीक्षेने त्यांना आपले मानले. आबाकानोविचने स्वतः मात्र हे लेबल कधी लावून घेतले नाही.

तिचा नकार समजून घ्यायला १९४३ पर्यंत मागे जावे लागते. जर्मनव्याप्त पोलंडमध्ये, कुटुंबाच्या खेड्यातल्या वाड्यात दारू प्यालेले सैनिक शिरले आणि त्यांनी गोळ्या झाडल्या. आईचा उजवा हात खांद्यापासून तुटला. मुलगी तेव्हा जेमतेम तेरा वर्षांची होती. पुढच्या वर्षी वॉर्सात ती इस्पितळात जखमींची शुश्रूषा करत होती. पुढे आत्मकथनपर लिखाणात तिने आईच्या त्या हाताबद्दल लिहिले. तिच्यासाठी शरीर म्हणजे कधीही फाटू शकणारी वस्तू होती, आणि आई म्हणजे पहिल्यांदा फाटलेले शरीर. म्हणूनच या पोकळ्यांना केवळ गर्भाशय म्हणणे अपुरे ठरते. ज्या घडीत शिरून लपता येते, तीच घडी उघडी जखमही दिसते.

सत्तरच्या दशकात तिने मोठे आबाकान मागे ठेवले आणि ती गोणपाटाकडे वळली. १९७६ ते १९८० या काळात माणसाच्या शरीराच्या साच्यावर राळेत भिजवलेले तरट थापून तिने ८० ‘पाठी’ घडवल्या. वाकून बसलेल्या, डोके नसलेल्या, समोरून पोकळ. हे छळछावणीतले कैदी की पेरूतला प्राचीन विधी, की बालीतले अनुष्ठान, असे लोक विचारत. ती सगळ्यालाच होकार देई. १९८० च्या व्हेनिस द्वैवार्षिकात, पोलंडच्या दालनात तिने ‘भ्रूणशास्त्र’ मांडले. गोणपाट, जाळीचे सुती कापड आणि दोर यांचे सुमारे ८०० गोळे जमिनीवर पसरलेले, काही मुठीएवढे, काही धोंड्यांएवढे. जन्माची एवढी रास, आणि तिच्यात कुठेही आई नाही.

भारतात याच्या जवळ जाणारे काम मृणालिनी मुखर्जी यांचे. १९४९ मध्ये मुंबईत जन्मलेल्या आणि बडोद्यात शिकलेल्या मुखर्जींनी तागासारखे दोर रंगवून, हाताने गाठी मारत ‘यक्षी’सारख्या आकृती उभ्या केल्या. त्यात माग नाही, केवळ गाठी आहेत. मुखर्जींचे शरीर फुलासारखे उमलते, आबाकानोविचचे जखमेसारखे उघडते. दोघींनाही ‘हस्तकला’ या शब्दाच्या चौकटीत बसवण्याचा प्रयत्न झाला. तो चुकीचा होता. ही शिल्पेच आहेत, फक्त त्यांचा दगड धाग्याचा आहे.

आबाकानोविच २०१७ मध्ये वॉर्सात वारली. २०२२ च्या नोव्हेंबरात टेट मॉडर्नमध्ये तिचे मोठे प्रदर्शन भरले, तेव्हा नव्या पिढीला आबाकानांच्या जंगलात फिरता आले. शिकागोत राहणाऱ्या किंवा तिथे जाणाऱ्या मराठी वाचकांना मात्र प्रदर्शनाची वाट पाहण्याची गरज नाही. ग्रँट पार्कच्या दक्षिण टोकाला २००६ पासून तिच्या १०६ ओतीव लोखंडी आकृती उभ्या आहेत. तिकीट लागत नाही. जाऊन त्यांच्यामधून चालावे आणि लोखंडाची ती सुरकुतलेली साल जरूर जवळून पाहावी.