गोट्या, कचरा आणि आम्ही

पर्यावरण हा विषय आमच्या पाठीशी पहिलीपासून लागलेला आहे. कॉन्व्हेंटमध्ये दरवर्षी 'से नो टू प्लास्टिक'ची पोस्टर्स रंगवायची आणि ती पावसात भिजू नयेत म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून शाळेत न्यायची! त्यातला विनोद तेव्हा ना आम्हाला कळला, ना मिसला. मला तो कळला गेल्या हिवाळ्यात, मंगरूळपीरला आमच्या घरी. आणि शिकवणारा कोण, तर गोट्या नावाचं चार महिन्यांचं गावठी पिल्लू.

गोट्याला धाकट्या भावाने शाळेजवळच्या नालीतून उचलून आणलं. आजीचा सक्त विरोध. "कुत्रं घरात नाही येऊ द्याचं," म्हणून तिने दोन दिवस अबोला धरला. मी सेमिस्टर संपवून घरी आले तेव्हा मात्र तो आजीच्याच पायाशी झोपलेला होता.

त्याला एक खोड होती. रात्री उरलंसुरलं आम्ही पातळ पिशवीत भरायचो, गाठ मारायचो आणि कोपऱ्यावरच्या ढिगावर फेकून यायचो. सकाळी तीच पिशवी ओसरीवर हजर! आजी म्हणायची, "पोस्टमन हाय हा. तुमची चिठ्ठी तुमालेच वापस आणून देते." आम्ही हसायचो.

मग एका रविवारी घरी मटण झालं आणि मंगळवारी गोट्याने खाणं सोडलं. पाणी प्यायला तरी ओकायचा. ढोरांच्या दवाखान्यात डॉक्टरांनी पोट दाबून पाहिलं आणि विचारलं, "काही गिळलंय का?" आम्ही छातीठोकपणे 'नाही' म्हटलं. त्यांनी सलाईन लावलं. म्हणाले, "प्लास्टिक असेल तर साध्या एक्स-रेत नीट दिसत नाही. उद्यापर्यंत उतार पडला नाही तर अकोल्याला व्हेटर्नरी कॉलेजात न्या. पोट उघडावं लागेल कदाचित."

त्या रात्री घरात कुणी झोपलं नाही. पहाटे गोट्याने एक काळा गोळा ओकून टाकला. पिशवीचा तुकडा होता, आणि त्याला गाठ होती. बाबा पिशवीला नेहमी उलटसुलट दोनदा गाठ मारतात. ती गाठ तशीच्या तशी होती. बाबा बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. आजी एवढंच म्हणाली, "त्यानं थोडीच बांधली ते पिशवी."

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, "तुमचं कुत्रं सुटलं. गाईला असं ओकता येत नाही." हे वाक्य डोक्यातून जाईना. मग थोडं वाचलं, थोडं त्यांनाच विचारलं. ते इथे सांगते.

जनावरं प्लास्टिक का खातात?

खरं तर ती प्लास्टिक खातच नाहीत! ती आतलं अन्न खातात. कुत्र्याला वास येतो रश्श्याचा, गाईला भाजीच्या देठांचा आणि मिठाचा. आपण गाठ मारून ते अन्न आत कोंडतो. कुत्रा पिशवी निदान दातांनी फाडतो. गाय मात्र जिभेने चारा ओढून आधी गिळते आणि रवंथ नंतर करते, त्यामुळे पिशवी सरळ आत जाते. गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात. पहिला, रूमेन, मोठ्या गाईत शंभर लिटरच्याही वर असतो. तिथले जंतू गवतातलं सेल्युलोज फोडू शकतात, पण पॉलिथीनची कार्बनची लांब साखळी त्यांना तुटत नाही. पुढे जायची वाट अरुंद, म्हणून पिशव्या तिथेच गुंतून त्यांचा गोळा होतो. गाईला पोट भरल्यासारखं वाटतं, ती खात नाही, दूध आटतं आणि ती झिजत जाते. डाव्या कुशीतून पोट उघडून तो गोळा काढतात, पण तोवर बरेचदा उशीर झालेला असतो. याच विषयावर 'द प्लास्टिक काऊ' नावाचा माहितीपटही आहे. धीर असेल त्यांनी जरूर पाहावा.

कायदा आहेच की! महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ ला प्लास्टिक बंदीची अधिसूचना काढली, पहिल्या गुन्ह्याला ५,००० रुपये दंड ठेवला. देशभरात कॅरीबॅगची किमान जाडी आधी ७५ मायक्रॉन आणि २०२२ च्या अखेरपासून १२० मायक्रॉन झाली. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. जाड पिशवी महाग पडते, पुन्हा वापरली जाते आणि भंगारवालाही ती उचलतो, हे त्यामागचं गणित. गणित बरोबर आहे. पण कायदा जाडी मोजतो आणि जनावर वास! जाड पिशवीत रस्सा भरून गाठ मारली तर ती पातळ पिशवीइतकीच वाईट. म्हणजे खरी गोष्ट आपल्या हातात आहे: अन्न आणि प्लास्टिक एकत्र बांधायचं नाही.

मग आम्ही काय केलं?

पहिलं म्हणजे गाठ बंद. ओलं वेगळं, सुकं वेगळं. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडायचा नाही, पिशवीलाच लटकत ठेवायचा. ते छोटे त्रिकोण कुणी गोळा करत नाही आणि दात येणाऱ्या पिल्लाला तर सगळंच चावायला हवं असतं. पिशवी विसळून, वाळवून भंगारात द्यायची. वास गेला की जनावराचा त्यातला रसही जातो. मटण आणायला बाबा आता स्टीलचा डबा नेतात. दुकानदार सुरुवातीला हसला.

ओल्या कचऱ्यासाठी मी जुन्या ड्रमला भोकं पाडून खत करायला घेतलं. पहिल्या आठवड्यात असा वास सुटला की आई म्हणाली, "तुझं सिव्हिल इंजिनिअरिंग अंगणाबाहेर ने!" चूक माझीच होती. खत करणाऱ्या जंतूंना अन्नात कार्बन आणि नायट्रोजन साधारण ३० ला १ या प्रमाणात लागतात. भाजीपाल्यात ते १५-२० च्या आसपास असतं, वाळलेल्या पाल्यात ५० च्या वर. नुसता ओला कचरा दाबून बसला, हवा गेली नाही आणि तो सडला. मग एक थर ओला, त्यावर दोन थर कडुलिंबाचा वाळका पाला, आठवड्यातून एकदा खालीवर. ओल किती? पिळलेल्या फडक्याइतकी. वास गेला. पेपरात हे 'सी बाय एन रेशो' म्हणून लिहिलं होतं, पण कळलं ते ड्रमात नाक घातल्यावर.

गोट्याची विष्ठा मात्र या ड्रमात टाकायची नाही. पिल्लांच्या पोटात बहुधा गोल कृमी असतात आणि त्यांची अंडी मातीत महिनोन्‌महिने टिकतात. ती मरायला खताचं तापमान ५५ अंशांच्या पुढे बरेच दिवस राहावं लागतं आणि घरच्या ड्रममध्ये ते होत नाही. म्हणून विहीर आणि भाजीचा वाफा सोडून लांब वेगळा खड्डा केला. रोजच्या रोज त्यात टाकायचं आणि वर माती. ही अंडी बाधायला दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून उचलण्यात आळस नको. सोबत जंताचं औषध आणि तीन महिन्यांनंतर रेबीजची लस, हे डॉक्टर सांगतील तसं. आणि पिल्लाने काही गिळलंय असं वाटलं तर घरी मिठाचं पाणी पाजून ओकवू नका, सरळ दवाखाना गाठा. आमचा गोट्या वाचला तो नशिबाने, उपायाने नाही.

आमच्या घराने गल्ली सुधारली असं काही झालेलं नाही. कोपऱ्यावरचा ढीग आहे तिथेच आहे आणि सकाळी गाय अजून तिथेच उभी असते. गोट्याही अधूनमधून पिशव्या आणतो. फरक एवढाच, की आता त्यांच्या गाठी ओळखीच्या नसतात. बाबा त्या मुकाट्याने सोडतात, आतलं ड्रममध्ये रिकामं करतात, पिशवी धुऊन तारेवर वाळत घालतात. परवा शेजारच्या काकूंनी तारेकडे पाहून विचारलं, "हे काय करता हो भाऊ?"

बाबा म्हणाले, "बसा, सांगतो."