रानटर्की : पिकाचा शत्रू की केवळ वेचकरी ?

उत्तर अमेरिकेत मक्याच्या शेतात रानटर्कीचे थवे दिवसाढवळ्या वावरताना दिसतात. कणसांची नासाडी झाली की शेतकरी तिचा दोष याच पक्ष्याच्या माथी मारतो. हा समज कितपत खरा आहे, हे त्याच्या आहारावरून ठरविता येते.

रानटर्की पायांनी पालापाचोळा उकरून ओक वृक्षाची फळे, गवताचे बी, रानफळे, कोवळी पाने व कीटक टिपतो. तो मुख्यतः सकाळी व सूर्यास्तापूर्वी चरतो आणि रात्र झाडावर काढतो. गिळलेल्या खड्यांच्या साहाय्याने त्याची पेषणी कठीण कवचाची फळेही भरडते. पिलांना वाढीसाठी प्रथिने लागतात. म्हणून पहिले काही आठवडे ती प्रामुख्याने नाकतोडे, भुंगेरे इत्यादी किड्यांवर जगतात.

इंडियाना राज्यात २००३ व २००४ साली मका व सोयाबीनच्या शेतांची पाहणी झाली. तीत बहुतेक नासाडी रॅकून व हरीण या प्राण्यांची असल्याचे आढळले. हे प्राणी बहुधा रात्री येतात, म्हणून दृष्टीस पडत नाहीत. रॅकून ताटे वाकवून कणसे सोलतो. रानटर्की मागाहून सांडलेले दाणे वेचतो. नव्याने पेरलेले बी व पिकलेली द्राक्षे मात्र हा पक्षी काही वेळा खातो.

आपल्या गावीही पशुपक्ष्यांविषयी तक्रार आल्यास ग्रामसेवकांनी शेतकऱ्यासह पहाटेच शेतात जावे, पाऊलखुणा, विष्ठा व मोडलेली ताटे तपासावीत आणि मगच उपाय योजावा. चुकीच्या प्राण्यावर केलेला उपाय पीक वाचवीत नाही.