पंच्याहत्तर मीटर

हेग हे नेदरलँड्सच्या सरकारचं शहर. संसद तिथे आहे, आंतरराष्ट्रीय न्यायालयही तिथेच आहे. पण ते समुद्रकाठचंही शहर आहे, आणि स्खेवेनिंगेनच्या किनाऱ्यावरून कुरव पक्ष्यांचे थवे थेट वस्तीत येतात. पूर्वी वाळूच्या टेकड्यांवर घरटी करणारे हे पक्षी आता सपाट छपरांवर अंडी घालतात. कचरा उचलायच्या दिवशी लोक प्लास्टिकच्या पिशव्या फुटपाथवर ठेवत, आणि गाडी येण्याआधी कुरव त्या चोचींनी फाडत. माशांचे काटे, ओले डायपर, कॉफीचा चोथा, सगळं रस्ताभर पसरे. पक्ष्याला कायद्याचं संरक्षण आहे. त्याला मारता येत नाही, परवानगीशिवाय अंड्यांनाही हात लावता येत नाही. मग पिशवीच हलवणं भाग होतं.

ती हलवायची कुठे? हेगच्या जुन्या भागांतली घरं अरुंद, जिने उभे, बऱ्याच ठिकाणी लिफ्ट नाही, दारात अंगण नाही. चाकांचा मोठा डबा ठेवायला घरात जागा नाही आणि फुटपाथवर ठेवला तर चालणाऱ्याला वाट उरत नाही. वर जागा नसलेल्या शहराने खाली पाहिलं. 2009 नंतर हेगने वस्ती-वस्तीतून जमिनीखालचे डबे बसवायला घेतले. डच लोक त्यांना ‘ओराक’ म्हणतात. उर्वरित कचऱ्याचा भूमिगत डबा, एवढाच त्याचा अर्थ. आज शहरात असे काही हजार डबे आहेत. अ‍ॅमस्टलवेन आणि हेग परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ही वस्तू नवी नाही. आठवड्यातून दोन-तीनदा पिशवी घेऊन तिथवर चालणं त्यांच्या अंगवळणी पडलं आहे.

रस्त्यावरून दिसतो तो फक्त कमरेएवढा पोलादी खांब. त्याला मूठ असलेला गोल ढोल असतो. मूठ ओढली की ढोल उघडतो, पिशवी आत ठेवायची, मूठ सोडली की ढोल फिरून पिशवी खाली पडते. ढोलाची रचना अशी की एका वेळी ठरावीक आकाराचीच पिशवी मावते, आणि तो उघडा असताना खालच्या हौदाचं तोंड बंद राहतं. वास वर येत नाही, लहान मूल आत पडू शकत नाही. खाली दीड-पावणेदोन मीटर चौरस आणि अडीच मीटरहून खोल असा काँक्रीटचा हौद असतो. त्या हौदात सुमारे पाच घनमीटरचा धातूचा डबा उतरवलेला असतो.

डबा रिकामा करण्याची पद्धत पाहण्यासारखी आहे. क्रेन असलेला ट्रक शेजारी उभा राहतो. चालक रिमोटने क्रेनचं टोक खांबाच्या माथ्यावरच्या हुकात अडकवतो आणि खांब, झाकण, डबा हे सगळं एकसंध वर उचलतो. डबा वर जाऊ लागला की हौदातली एक पोलादी फळीही त्याच्याबरोबर वर सरकते आणि रस्त्याच्या पातळीला येऊन खड्डा झाकते, म्हणजे तेवढ्या वेळात कोणी आत पडू नये. डबा ट्रकच्या तोंडावर येतो, तळाची दोन दारं उघडतात, कचरा खाली पडतो, दारं मिटतात, डबा पुन्हा जागेवर. काही मिनिटांचं काम. एक माणूस ते करतो, आणि त्याला पिशवीला हात लावावा लागत नाही. पिशव्या उचलून ट्रकमध्ये फेकणाऱ्या कामगारांच्या पाठी आणि खांदे या कामाने निकामी होत, हे डच पालिकांना आधीपासून माहीत होतं. माझ्या मते या यंत्राची सगळ्यांत मोठी कमाई हीच आहे, आणि तिचा उल्लेख मात्र सगळ्यांत कमी होतो.

जमिनीत कचरा साठवण्याची कल्पना फक्त डच नाही. फिनलंडमधले हॉटेलचालक वेइक्को साल्ली यांनी खोल उभ्या डब्याची रचना केली आणि 1991 मध्ये मोलोक ही कंपनी सुरू झाली. त्यांचा डबा अर्ध्याहून अधिक जमिनीत आणि उरलेला वर असतो. खालचा थंडावा कचरा कुजण्याचा वेग कमी करतो, आणि उभ्या खोलीमुळे वरचा कचरा आपल्या वजनाने खालच्याला दाबतो. पण मोलोकला मोकळी जागा लागते. हेगसारख्या दाट शहराला पूर्ण जमिनीत जाणंच परवडलं.

जमिनीत जाणं मात्र सोपं नसतं. शहराच्या पोटात पाण्याचे नळ, गॅस, मलवाहिन्या, वीज आणि इंटरनेटच्या तारा असतात, झाडांची मुळं असतात. हौद त्यांच्यामधून सरकवायचा. वर ट्रामच्या तारा असतील तर क्रेन डबा उचलू शकत नाही. भूजल वर असेल तर आणखी एक अडचण. रिकामा, पाणी न शिरणारा हौद पाण्यात नावेसारखा तरंगू पाहतो. तो जेवढं पाणी बाजूला सारतो, त्याच्या दर घनमीटरला एक टन एवढा रेटा त्याला वर ढकलतो. म्हणून भिंती जाड आणि जड कराव्या लागतात. अ‍ॅमस्टरडॅमच्या मध्यभागी तर कालव्यांच्या काठच्या भिंतीच जर्जर आहेत. 1 सप्टेंबर 2020 रोजी ग्रिमबुर्गवाल या कालव्याची भिंत कोसळली, आणि शहरातल्या अशा भिंतींची अवस्था सगळ्यांसमोर आली. अशा काठावर खड्डा खणणं आणि जड ट्रक उभा करणं दोन्ही धोक्याचं. त्यामुळे त्या भागात अजूनही बऱ्याच रस्त्यांवर ठरलेल्या दिवशी पिशव्या बाहेर ठेवल्या जातात.

तांत्रिक अडचणींपेक्षा मला जास्त विचार करायला लावला तो अंतराच्या प्रश्नाने. डच पर्यावरण कायद्यानुसार घरगुती कचरा आठवड्यातून किमान एकदा प्रत्येक घरापाशी गोळा करणं ही नगरपालिकेची जबाबदारी आहे. त्याच कायद्यातलं दुसरं कलम पालिकेला सवलत देतं. घरापाशी नाही, तर घराजवळ गोळा केला तरी चालेल. घराजवळ म्हणजे किती जवळ? अनेक शहरांनी 75 मीटर हे पसंतीचं अंतर धरलं, आणि जिथे जागाच मिळत नाही तिथे काही पालिका 125 मीटरपर्यंत गेल्या. वरवर हा आकडा नियोजनातला वाटतो. पण त्याने एक काम कामगाराकडून काढून नागरिकाकडे दिलं. पूर्वी पिशवी दाराबाहेर ठेवली की संपत होतं, आता ती हातात घेऊन चालावं लागतं. तरुणाला हे सोपं आहे. सांधे धरलेल्या आजीला, व्हीलचेअरवरच्या माणसाला, तान्हं मूल आणि तीन मजल्यांचा जिना असलेल्या आईला ते सोपं नाही.

आणि डबा जवळ हवा असला तरी तो आपल्या खिडकीसमोर कोणालाच नको असतो. त्याची तड लागते ती न्यायालयात. पालिका डब्याच्या जागा जाहीर करते, हरकती मागवते, निर्णय घेते. तो मान्य नसेल तर नागरिक थेट राज्य परिषदेच्या प्रशासकीय न्याय विभागाकडे जाऊ शकतो. देशातलं हे सर्वोच्च प्रशासकीय न्यायासन हेगमध्येच, क्नॉइटरडाइक या रस्त्यावर आहे. मोठमोठ्या प्रकल्पांचे निवाडे देणारे न्यायाधीश तिथे एका कचऱ्याच्या डब्याचीही सुनावणी करतात. पार्किंगच्या दोन जागा जातात, रात्री झाकण आपटल्याचा आवाज येतो, उन्हाळ्यात वास येतो, घराची किंमत पडते, पलीकडचा कोपरा जास्त योग्य आहे, अशा तक्रारी तिथे सविस्तर ऐकल्या जातात. परिषद सहसा दोन प्रश्न विचारते. पालिकेने ही जागा समंजसपणे निवडली का? आणि उघडपणे अधिक योग्य अशी दुसरी जागा होती का? शहरात राहायचं तर थोडा त्रास सोसावा लागतो, अशी भूमिका परिषद अनेकदा घेते, त्यामुळे बरेच अर्ज फेटाळले जातात. तरीही पालिकेला प्रत्येक डब्याची जागा कागदावर कारणांसह मांडावी लागते आणि ती कारणं तपासली जातात. मला या सगळ्या व्यवस्थेतलं हेच सर्वांत मोलाचं वाटतं. खड्डा खणण्याआधी शेजाऱ्याचं म्हणणं ऐकणं तिथे कायद्याने बंधनकारक आहे.

पुढे काही डच शहरांनी अंतराचाच हत्यार म्हणून उपयोग केला. न वेगळा केलेला कचरा लांबच्या भूमिगत डब्यात स्वतः नेऊन टाका, आणि वेगळा केलेला कागद, प्लास्टिक, भाजीपाल्याचा कचरा आम्ही घरी येऊन नेतो, अशी उलटी पद्धत. आळसाला वर्गीकरणाकडे वळवायची ही युक्ती. शिवाय काही पालिकांनी डब्याला कार्ड लावलं, जितक्या वेळा ढोल उघडाल तितके पैसे. 2020 पर्यंत दर माणशी वर्षाला 100 किलोच उर्वरित कचरा, असं राष्ट्रीय उद्दिष्ट होतं. देशपातळीवर ते गाठलं गेलं नाही. मोजून पैसे घेतले की काही पिशव्या डब्याशेजारी रस्त्यावर येतात आणि काही वेगळ्या केलेल्या प्लास्टिकच्या डब्यात लपून जातात, हे पालिकांना अनुभवाने कळलं.

डब्याशेजारी ठेवलेली पिशवी ही या व्यवस्थेची नेहमीची दुखरी जागा आहे. ढोल अडकतो, डबा भरतो, कोणी जुनी गादी ठेवतो, आणि एक पिशवी दिसली की दहा जमतात. कायदा दंड करतो, आत बसवलेले सेन्सर डबा किती भरला हे सांगतात, ट्रकचा मार्ग त्यावरून ठरतो. पण मला जास्त आवडलेला उपाय साधा आहे. अ‍ॅमस्टरडॅम, रॉटरडॅमसारख्या शहरांत रहिवासी आपल्या गल्लीतला डबा दत्तक घेतात. पालिका त्यांना लागणारं साहित्य देते, ते भोवतालची जागा झाडतात आणि बिघाड लगेच कळवतात.

आपल्याकडेही हे डबे आले आहेत. 1994 मध्ये प्लेगच्या भीतीने जे शहर सोडून लाखो लोक पळाले होते, त्या सुरतने नंतर स्वच्छतेत मोठी झेप घेतली. उधना, लिंबायतमधल्या खानदेशी कुटुंबांनी ते बदलतं शहर जवळून पाहिलं आहे. स्मार्ट सिटीच्या काळात त्याच सुरतने काही ठिकाणी सेन्सरचे भूमिगत डबे बसवले. त्याच सुमारास इंदूरने नेमकी उलटी वाट धरली. रस्त्यावरच्या कचराकुंड्याच काढून टाकल्या आणि दारोदारी गाड्या पाठवल्या. 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात ही दोन्ही शहरं पहिल्या क्रमांकावर बरोबरीने आली. एकाने कुंडी जमिनीत घातली, दुसऱ्याने ती नाहीशी केली. दोघांनाही गाडी वेळेवर पाठवावीच लागली.

महाराष्ट्रात हा डबा आणण्याचा विचार कोणी करत असेल, तर आधी आपला कचरा पाहावा. डच घरातल्या काळ्या पिशवीपेक्षा आपल्या कुंडीतला कचरा कितीतरी ओला आणि जड असतो. नारळाच्या करवंट्या, भाजीची देठं, आंब्याच्या कोयी, पूजेची फुलं. तेवढ्याच आकाराच्या डब्यात वजन काही पटींनी वाढतं, म्हणून क्रेन मोठी, ट्रक मोठा, रस्ता रुंद लागतो. कचऱ्यातून सुटणारं काळं पाणी तळाच्या दारांतून हौदात साठतं. त्यात जुलैतला मुंबईचा पाऊस. रस्ता गुडघाभर पाण्यात असताना हौदात काय होईल हे सांगायला इंजिनिअर लागत नाही.

त्याहून मोठा प्रश्न माणसांचा आहे. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीची स्थापना 1993 मध्ये झाली, आणि तिच्या पुढाकाराने 2008 मध्ये ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांची सहकारी संस्था महापालिकेबरोबर काम करू लागली. त्यातल्या बहुसंख्य बायका. त्या दारावर येतात, ओला आणि सुका कचरा वेगळा घेतात, ढकलगाडीवरून नेतात, सुक्यातलं विकण्याजोगं भंगार निवडतात आणि उरलेलं फीडर पॉइंटवर पालिकेच्या गाडीत देतात. घरटी मिळणारं मासिक शुल्क आणि भंगाराचे पैसे, ही त्यांची कमाई. 2016 च्या घनकचरा नियमांनीही वेचकांना व्यवस्थेत सामावून घ्यायला सांगितलं होतं. आता सोसायटीच्या कोपऱ्यावर भूमिगत डबा आला आणि सगळ्यांनी सगळं त्यात टाकलं, तर वेचक बाईचं दारावर येणं संपेल, आणि भंगार अशा पोलादात जाईल जिथे तिचा हात पोहोचत नाही. कचऱ्यातला पैसा बंद डब्यात गेला की काय होतं याची एक झलक नेदरलँड्समध्येही दिसली. 2021 मध्ये लहान प्लास्टिक बाटल्यांवर आणि 2023 मध्ये कॅनवर परत मिळणारी अनामत लागू झाली, तेव्हा गरीब माणसं ते पैसे मिळवायला रस्त्यावरच्या डब्यांत हात घालू लागली, डबे फोडू लागली. कचऱ्यात पैसा असेल तर तो शोधणारा माणूस असतोच, आणि डबा कुठलाही बांधला तरी त्याच्यासाठी वाट ठेवावी लागते.

म्हणून मला वाटतं, पुण्यात किंवा ठाण्यात हा हौद करायचाच असेल, तर तो दारापासून 75 मीटरवर करू नये. तो फीडर पॉइंटवर करावा. तिथे आज उन्हा-पावसात, गाडीची वाट पाहत, रस्त्याच्या कडेला कचरा निवडला जातो. तिथे निवडण्यासाठी छप्पर असावं, हात धुवायला पाणी असावं, भंगार ठेवायला कुलूपबंद खोली असावी, आणि निवडून झाल्यावर उरलेलाच कचरा त्या हौदात जावा. नागरिक घरी देतील, बायका निवडतील, यंत्र उचलेल, आणि कोणाच्या पाठीवर ओझं राहणार नाही.

एक गोष्ट मात्र निविदेत पहिल्याच पानावर यावी. हौद केव्हातरी तुंबणार, काळं पाणी साठणार, फळी अडकणार. युरोपात तेव्हा पंपाची गाडी येते आणि वरूनच सगळं शोषून घेते. आपल्याकडे 2013 च्या कायद्याने गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये माणूस उतरवून घातक सफाई करून घ्यायला बंदी आहे, तरीही त्यांत उतरलेले कामगार गुदमरून मरतात. ते बहुतेक दलित घरांतले असतात. ठेकेदाराने पंपाची गाडी खरेदी करून दाखवल्याशिवाय, आणि हौदात कुठल्याही कारणाने माणूस उतरवणार नाही असं लिहून दिल्याशिवाय, पहिला खड्डा खणायला परवानगी मिळू नये.