मॉरिशसविषयीचे भाकीत का चुकले?

अर्थशास्त्रज्ञांची भाकिते चुकतात, यात नवल नाही. परंतु चुकलेल्या भाकिताची टवाळी करण्यापेक्षा ते का चुकले याचा शोध घेणे अधिक बोधप्रद असते. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ साली मॉरिशससंबंधी सादर केलेला अहवाल या दृष्टीने आजही अभ्यासण्याजोगा आहे. मीड हे १९७७ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी. तेव्हा निदान अधिकारी पुरुषाचे होते. बेट लहान, निर्यातीत साखरेचा वाटा ९० टक्क्यांहून अधिक आणि लोकसंख्यावाढीचा वेग वर्षाला सुमारे ३ टक्के. या वेगाने लोकसंख्या २४ वर्षांच्या आत दुप्पट होते. सबब या बेटाच्या शांततामय विकासाची आशा फारशी धरता येणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता.

ही लोकसंख्यावाढ आली कोठून? तिचे मूळ आरोग्याच्या इतिहासात आहे. उसासाठी येथील जंगले तोडली गेली आणि १८३४ पासून हिंदुस्थानातून सुमारे साडेचार लाख करारबद्ध मजूर आणले गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली आपली कोकणातील माणसेही होती. त्यांच्या वंशजांमुळे आजही तेथील शाळांतून मराठी शिकवली जाते व गणेशचतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते. पूर्वी मलेरियापासून मुक्त असलेल्या या बेटावर १८६६-६७ मध्ये त्या रोगाची भीषण साथ आली आणि हजारो माणसे दगावली. डासांवाटे मलेरिया पसरतो हे सिद्ध करणारे रोनाल्ड रॉस १९०७-०८ मध्ये पाहणीसाठी तेथे गेले होते. तथापि रोगाचा खरा पाडाव झाला तो १९४९ नंतरच्या डीडीटी फवारणीने. मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने घटले, जन्मांचे घटले नाही. वैद्यकाचा विजय हीच अर्थशास्त्रज्ञाची चिंता होऊन बसली.

मग भाकीत चुकले कशामुळे? एक तर त्यातील इशारा गंभीरपणे घेतला गेला. त्याच वर्षी रिचर्ड टिटमस व ब्रायन एबल-स्मिथ यांनी कुटुंबनियोजन आणि सामाजिक सुरक्षा यांची सांगड घालणारा अहवाल दिला होता. कॅथलिक समाजाचा विरोध लक्षात घेऊन सरकारने त्या समाजाला मान्य असलेल्या पद्धतींचा प्रचार करणाऱ्या संस्थेलाही साहाय्य दिले. १९६८ मध्ये स्वातंत्र्य आले. श्रमप्रधान उद्योग वाढवा, हा सल्ला स्वतः मीड यांनीच दिला होता. १९७० च्या निर्यात प्रक्रिया क्षेत्राच्या कायद्याने कापड-कपड्यांचे कारखाने उभे राहिले व हजारो स्त्रियांना रोजगार मिळाला. १९७५ च्या लोमे कराराने साखरेला युरोपात हमीभाव लाभला. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण निःशुल्क झाले. शिकलेल्या, मिळवत्या स्त्रियांची कुटुंबे लहान झाली.

येथे गोष्ट संपती तर ती यशोगाथा ठरली असती. परंतु १९८७ च्या आरोग्य पाहणीत प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण धक्कादायक आढळले, आणि तेही केवळ भारतीय वंशाच्या लोकांत नव्हे, तर क्रिओल व चिनी समाजांतही. अर्थात केवळ आनुवंशिकतेकडे बोट दाखवून भागणारे नव्हते. बदललेले राहणीमान हे समान कारण समोर होते. सरकारने शिधावाटपाच्या तेलातील पामतेलाच्या जागी सोयाबीन तेल आणले आणि १९९२ च्या पाहणीत लोकांच्या रक्तातील कोलेस्टेरॉल लक्षणीयरीत्या घटल्याचे दिसले. धोरणाचा असा चोख पुरावा क्वचितच मिळतो. मधुमेह मात्र तेवढ्याने हटला नाही. तेल सरकारी आदेशाने बदलता येते, जीवनशैली बदलता येत नाही.

निसर्गाचा हिशेबही चुकता झालेला नाही. डोडो पक्षी सतराव्या शतकातच नामशेष झाला. जंगल गेले तर पाऊसही जाईल, या विचाराने फ्रेंच प्रशासक पिएर प्वाव्र यांच्या कारकीर्दीत १७६९ साली वनरक्षणाचे नियम झाले, पण पुढे उसाने त्यांवर मात केली. आज अस्सल देशी वन जेमतेम २ टक्क्यांच्या आसपास उरले आहे. त्यातही १९७४ मध्ये अवघ्या चार उरलेल्या मॉरिशस ससाण्यांची संख्या संशोधकांच्या चिकाटीने शेकड्यांवर गेली, हे विसरता कामा नये. २०२० मध्ये ‘वाकाशिओ’ जहाज प्रवाळावर आदळून तेल सांडले, तेव्हा उसाचा पाचोळा पोत्यांत भरून ते तेल अडवण्यासाठी लोकच किनाऱ्यावर धावले.

बेटावर सर्व गोष्टी जवळजवळ असतात. म्हणून एका खात्याच्या निर्णयाचे दुसऱ्या खात्यातील परिणाम तेथे लवकर दिसतात. मोठ्या देशांत ते उशिरा दिसतात, एवढाच फरक. उसाचा निर्णय वनांचा ठरला, फवारणीचा निर्णय रोजगाराचा ठरला, कारखान्यांचा निर्णय जन्मदराचा ठरला. आणि आज? सुमारे साडेबारा लाख वस्तीच्या या देशात जन्मदर इतका उतरला आहे की उद्या वृद्धांना कोण सांभाळणार, ही विवंचना आहे. मीड यांना ज्या हातांची भीती वाटत होती, तेच हात आता कमी पडू लागले आहेत. या नव्या इशाऱ्याकडेही मॉरिशसने पहिल्याइतकेच गांभीर्याने पाहिले, तर आजचे भाकीतही खोटे पडेल. आणि कोणत्याही प्रामाणिक संशोधकाला त्याचा आनंदच व्हावा.