अपुऱ्या दिवसांच्या बाळाला चोळू नका, छातीशी धरा

गेल्या डिसेंबरात सिन्नरजवळच्या एका वाडीवरून एक आजी सुनेला आणि नातवाला घेऊन माझ्या दवाखान्यात आल्या. बाळ आठव्या महिन्यातच जन्मलेले. नाशिकला पंधरा दिवस काचेच्या पेटीत राहून घरी आले तेव्हा वजन १ किलो ८०० ग्रॅम होते. आठवड्याने माझ्या काट्यावर ते १ किलो ६९० भरले. आई रडवेली झाली होती. दूध तर पितो, मग वजन गेले कुठे?

मी विचारले, "आजी, आंघोळ कशी घालता?"

"सगळ्यांना घालते तशीच. पायावर घेऊन तेल जिरवते, हातपाय ताणते, कढत पाणी, मग धुरी. चार लेकरं अशीच वाढवली, डॉक्टर."

ती चारही लेकरे भरल्या दिवसांची होती. कातडीखालची चरबी पोटातल्या शेवटच्या दोन महिन्यांत साठते. हे बाळ त्याआधीच बाहेर आले. डिसेंबरच्या थंडीत अर्धा तास उघडे राहिले की ते गार पडते आणि प्यालेले दूध वजन वाढवण्याऐवजी अंग गरम ठेवण्यात खर्च होते. शिवाय जोरात चोळल्याने नाजूक कातडी सोलवटते, नाकात सोडलेले तेल फुप्फुसात जाऊ शकते. धुरी तर कोणत्याच बाळाला नको.

मग करायचे काय? आईच्या अंगाची ऊब द्यायची. कोलंबिया देशातल्या बोगोटा शहरात १९७८ च्या सुमारास डॉ. एडगर रे यांच्यापुढे अडचण होती, बाळे जास्त आणि पेट्या कमी. त्यांनी बाळे आयांच्या छातीशी बांधली. कांगारूच्या पिशवीवरून या पद्धतीला नाव पडले. जागतिक आरोग्य संघटना २०२२ पासून सांगते की अशा बाळाला दिवसातले ८ ते २४ तास असे धरावे.

पद्धत सोपी आहे. बाळाला फक्त लंगोट, टोपडे आणि पायमोजे. आईच्या दोन्ही स्तनांच्या मध्ये ते उभे धरायचे, कातडीला कातडी लागली पाहिजे. पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला, हनुवटी किंचित वर, म्हणजे श्वास अडत नाही. भोवती मऊ सुती कापड बांधायचे, वरून शाल. एका वेळी निदान एक तास. दूध पाजणेही त्यामुळे सोपे होते. आईला विसावा हवा तेव्हा बापाने किंवा आजीने धरावे. आपल्याकडचे बाप आधी लाजतात, पण एकदा बाळ छातीवर झोपले की सोडायला तयार नसतात!

म्हणजे मालिश वाईटच का? नाही. १९८६ मध्ये अमेरिकेत टिफनी फील्ड यांनी अशा बाळांना दिवसातून तीनदा पंधरा मिनिटे हलकेच हात फिरवून हातपाय सावकाश दुमडायला-सरळ करायला लावले. दहा दिवसांत त्यांचे वजन इतरांपेक्षा ४७ टक्के जास्त वाढले, दूध मात्र तेवढेच होते. मुंबईच्या शीव रुग्णालयातला अभ्यास २००५ मध्ये छापून आला. त्यात खोबरेल तेलाच्या मालिशने अपुऱ्या दिवसांच्या बाळांचे वजन खनिज तेलापेक्षा वेगाने वाढले. पण हे डॉक्टरांनी बाळ ठीक आहे असे सांगितल्यावर, ऊबदार खोलीत, कोमट तळव्यांनी करायचे. गुदगुल्या होतील इतके हलके नको आणि पीठ मळल्यासारखे जोरातही नको. बाळ कण्हू लागले, रंग बदलला की थांबायचे.

बाळ दूध ओढत नसेल, निपचित पडले असेल, श्वासाला छाती आत ओढली जात असेल किंवा छातीशी धरूनही पाय गारच राहत असतील, तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. नेतानाही छातीशी बांधूनच न्या.

दहाव्या दिवशी ती मंडळी पुन्हा आली. वजन १ किलो ९१० ग्रॅम. या वेळी नातू आजींच्याच छातीशी बांधलेला होता, वरून जाड शाल. "सूनबाई रात्रभर धरून बसली होती," आजी म्हणाल्या, "मोटारीत तिला जरा झोपू दिलं."