स्टिअरिंग ढिलं झालंय? आधी सांधे तपासा

आंबिया बहाराची संत्री तोडणीला आली की काटोल, नरखेड, कळमेश्वरहून नागपूरच्या कळमना बाजाराकडे पिकअप गाड्यांची रीघ लागते. त्यांत जुन्या बोलेरो पिकअप असतात, टाटा २०७ असतात. "भाऊ, स्टिअरिंग ढिलं वाटून राह्यलं," ही अशा गाड्यांची नेहमीची तक्रार आणि अलाइनमेंट हा त्यावरचा नेहमीचा उपाय. चार दिवस बरं वाटतं, मग गाडी पुन्हा रस्ता सोडू लागते. झिजलेला सांधा तसाच ठेवून केलेलं अलाइनमेंट टिकत नाही. म्हणून आधी दोष शोधायचा, मग पैसे काढायचे.

प्ले किती चालतो?

गाडी सपाट जागी, चाकं सरळ ठेवून उभी करा. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवा. स्टिअरिंग हळूच डावी-उजवीकडे फिरवा आणि पुढची चाकं हलण्याआधी ते किती फिरतं ते पाहा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या ९८ व्या नियमानुसार हा प्ले ३० अंशांपेक्षा जास्त नसावा. ४० सेंटिमीटर व्यासाच्या स्टिअरिंगच्या कडेवर तो सुमारे १० सेंटिमीटर भरतो. ही कायद्याने घातलेली शेवटची मर्यादा; धडधाकट गाडीत प्ले याहून खूप कमी असतो.

दोष नेमका कुठे?

एकाने स्टिअरिंग थोडं थोडं हलवत राहावं, दुसऱ्याने वाकून खालचा एकेक सांधा पाहावा: कॉलमचा जॉइंट, स्टिअरिंग बॉक्स, त्याचा आर्म, ड्रॅग लिंक, टाय रॉड एंड. एक बाजू हलली आणि दुसरी उशिरा हलली, तर दोष तिथेच. बॉक्सच चेसिसवर हलत असेल, तर त्याचे बोल्ट ढिले आहेत.

मग मागच्या चाकांना अडण लावून पुढचा भाग जॅकने उचला आणि खाली भक्कम स्टँड द्या. नुसत्या जॅकवर विसंबू नका. चाक डावी-उजवीकडून धरून हलवल्यावर खटखट जाणवली, तर बहुधा टाय रॉड एंड गेलेला असतो. वर-खाली धरून हलवल्यावर जाणवली, तर व्हील बेअरिंग किंवा किंग पिन. या दोघांतला फरक ओळखायला कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. खेळ थांबला तर बेअरिंग. तसाच राहिला तर किंग पिन, आणि ज्या गाडीत किंग पिन नसते तिथे बॉल जॉइंट.

गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी हवा पाहा, मग पुढचे टायर आपसात बदला. ओढ दुसऱ्या बाजूला गेली, तर दोष टायरचा. फक्त ब्रेक मारल्यावर ओढत असेल, तर ब्रेक तपासा. ठरावीक वेगालाच स्टिअरिंग थरथरत असेल, तर आधी बॅलन्सिंग. वळणानंतर ते स्वतःहून सरळ होत नसेल, तर किंग पिन कोरडी पडल्याचा संशय घ्या. तिला ग्रीस भरताना चाकं उचललेली असावीत, म्हणजे भार पडतो त्या बाजूलाही ग्रीस पोचतं.

मागे प्रमाणाबाहेर माल भरला की पुढच्या चाकांवरचं वजन कमी होतं आणि स्टिअरिंग हलकं, तरंगतं वाटतं. अशा वेळी सुटे भाग बदलण्याआधी माल कमी करून गाडी चालवून पाहा.

रबराकडे दुर्लक्ष नको

नागपूरचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो. त्या उष्णतेत बॉल जॉइंटवरच्या रबरी टोप्या कडक होऊन तडकतात. मग पावसाळ्यात चिखल-पाणी आत शिरतं, ग्रीस धुऊन जातं आणि सांधा झपाट्याने झिजतो. या टोप्या असाव्यात आणि जोडणीचे बोल्ट-पिना नीट लॉक केलेल्या असाव्यात, असंही तोच ९८ वा नियम सांगतो. म्हणून नवा जॉइंट बसवल्यावर नटातली स्प्लिट पिन स्वतःच्या डोळ्यांनी पाहा.

काही मेकॅनिक प्ले दिसताच स्टिअरिंग बॉक्सचा स्क्रू आवळतात. हे सर्वांत शेवटचं काम. सांधे झिजलेले असताना स्क्रू आवळला, तर प्ले तसाच राहतो आणि घट्ट झालेला बॉक्स आतून झिजू लागतो. बॉक्सआधी सांधे, आणि सांधे बदलून झाल्यावर अलाइनमेंट, हाच क्रम ठेवा.

आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी फिटनेस करून घ्यावं लागतं. पण त्या तारखेची वाट पाहू नका. बहार सुरू होण्याआधी अर्धा तास काढा आणि गाडीखाली एकदा नीट पाहून घ्या.