सुटं कुसू : दोन लाकडं एका पातळीत कशी बसतात?

लेण्याद्रीच्या चैत्यगृहात छताच्या फासळ्या लाकडी वाटतात. पण त्या खडकातच कोरलेल्या, त्यामुळे सांध्याचा प्रश्नच नाही. जुन्नरच्या सुताराला मात्र चौकट जोडावीच लागते.

नेहमीचं कुसू एका लाकडातूनच काढतात. सुट्या कुसवाच्या जोडात दोन्ही लाकडांत खाचा पाडून मध्ये वेगळी पट्टी बसवतात. इथे चूक दुप्पट होऊ शकते. दोन्ही खाचा विरुद्ध बाजूंना अर्धा मिलिमीटर सरकल्या, तर सांध्यावर १ मिलिमीटरची पायरी दिसते.

मग काय करायचं?

१. दोन्ही दर्शनी बाजूंवर खूण करा.
२. लाकडं जुळवून सांध्यावर आडवी रेघ मारा.
३. दोन्ही खाचा पाडताना गाइड दर्शनी बाजूलाच टेकवा. जाडीतला फरक मागे जातो.

आधी टाकाऊ तुकड्यावर करून पाहा. गोंद वाळला की चूक सुधारता येत नाही.